ब्रिस्टलची गवळीण ॲन यर्स्ली

इंग्लंडच्या पश्चिमेस एव्हन नदीच्या काठीं ब्रिस्टल नांवाचें जुनें बंदर आहे. त्याला लागूनच उंच टेकडीवर क्लिफ्टन हें गांव असून आतां तें शहरांतच मिळून गेलें आहे. परंतु अठराव्या शतकांत तेथें कुरणें, गोठे आणि श्रीमंत व्यापाऱ्यांचे नवे बंगले एकमेकांस लागून होते. या टेकडीवर घरोघर दुधाचा रतीब घालणाऱ्या एका गरीब बाईच्या पोटीं जी मुलगी जन्मली, ती पुढें कवयित्री झाली, नाटककर्ती झाली, आणि तिचें पंचांकी नाटक त्याच शहरच्या नाट्यगृहांत मोठमोठ्या लोकांसमोर झालें. शाळेंतील शिक्षण तिच्या वांट्यास कधींच आलें नव्हतें. परंतु केवळ नवल म्हणून आम्ही तिची हकीकत सांगत नाहीं. तिच्या आयुष्यांत एक भांडण आहे, आणि त्या भांडणाच्या दोन्ही बाजूंस भलीं माणसें होतीं. देणारा व घेणारा हे दोघेही प्रामाणिक असतां त्यांच्यांत वैर कसें उपजतें, हें ज्यांना आपल्या मंडळींत पहावें लागलें असेल, त्यांनीं हें चरित्र सावकाश वाचावें.

ॲनचा बाप्तिस्मा १५ जुलै १७५३ रोजीं क्लिफ्टनच्या देवळांत झाला. बापाचें नांव जॉन क्रोमार्टी. तो मजुरी करी. आई दूध विकी, आणि मुलगी चालूं लागल्यापासून आईच्या पाठोपाठ तींच दारें हिंडे. तिला अक्षरें गिरवावयास शिकविलें तें थोरल्या भावानें, विल्यमनें. आईला पुस्तकांची ओढ होती. जेथें दूध घाली तेथून, ओळखीपाळखीनें, एखादें पुस्तक मागून आणी आणि मुलीच्या हातीं देई. अशा रीतीनें मिल्टन कवीचें स्वर्गभ्रंशाचें महाकाव्य, यंग नांवाच्या कवीचें मृत्यु व अमरत्व यांविषयींचें चिंतन, शेक्सपिअरचीं कांहीं थोडीं नाटकें, एवढी तिची शिदोरी झाली. ग्रीक व रोमी देवतांच्या ज्या कथा तिच्या कवितांत जागोजाग येतात, त्या तिला कोठें मिळाल्या असें पुढें कोणीं विचारलें, तेव्हां कळलें कीं रस्त्यावरील एका दुकानाच्या खिडकींत स्वस्त तसबिरी टांगलेल्या असत. जातां येतां डोक्यावरचा भार सांवरीत ती त्या पाही. आपल्याकडे बाजाराच्या दिवशीं तसबिरींच्या दुकानापुढें मुलें उभीं राहतात, तशीच ही मुलगी उभी राहात असेल.

१७७४ च्या जून महिन्यांत जॉन यर्स्ली नांवाच्या मनुष्याशीं तिचें लग्न झालें. हा नवरा सरळ व निर्व्यसनी होता असें सर्व सांगतात, पण पुस्तकाची आवड त्याला नव्हती. सात वर्षांत सहा मुलें झालीं. नवऱ्याच्या जमिनीचें वर्षाला सहा पौंडांच्या आंतबाहेर उत्पन्न होतें, तें कोठवर पुरणार? एकामागून एक नुकसानी येत गेली आणि घर खचलें. अशांत १७८३-८४ चा हिंवाळा आला. त्या सालच्या जून महिन्यांत आइसलंड बेटांत लाकी नांवाचा ज्वालामुखी फुटून त्याची राख व धूर युरोपभर पसरला होता, आणि पुढील थंडी असाधारण कडक पडली. या दोहोंचा संबंध असावा असें आतां पुष्कळ विद्वान मानतात. क्लिफ्टनवरील त्या कुटुंबाला याचें काय माहीत? त्यांना इतकेंच माहीत कीं काम नाहीं, सरपण नाहीं, भाकरी नाहीं. लेंकरें व म्हातारी आई यांसह तें सबंध कुटुंब एका तबेल्यांत उपाशी पडलेलें एका दयाळू गृहस्थाला आढळलें. त्यानें अन्न व ऊब दिली. मुलें वांचलीं, परंतु म्हातारीला फार उशीर झाला होता, ती लवकरच वारली. ज्या आईनें मागून आणलेल्या पुस्तकांनीं मुलीची बुद्धि वाढविली, तिला मुलीचें एकही छापील पान पाहावयास मिळालें नाहीं.

दुधाबरोबर ॲन डुकरेंही पाळी. त्यांच्याकरितां ती मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरांतून खरकटें व धुवण मागून नेई. ज्या घरीं ती अशी जात असे, त्यांत पार्क स्ट्रीटवरील मोर भगिनींचें घर होतें. तेथील स्वयंपाकिणीला कळलें कीं ही खरकटें नेणारी बाई कविता करते. तिनें कांहीं ओळी मिळवून आपल्या धाकट्या धनिणीपुढें ठेविल्या. १७८४ सालच्या शरद् ऋतूंतील ही गोष्ट.

ती धनीण म्हणजे हॅना मोर. आमच्या वाचकांपैकीं कांहींना हें नांव ठाऊक असेल, कारण पुढें लहान लहान धर्मपर पुस्तिका लिहून गरिबांत पसरविण्याचें जें काम इंग्लंडांत निघालें, त्यांत त्यांचा हात मोठा होता. त्याही कांहीं राजवाड्यांत जन्मल्या नव्हत्या. एका शाळामास्तराची मुलगी, बहिणींनीं चालविलेल्या मुलींच्या शाळेंत शिकलेल्या व शिकविणाऱ्या. पण बुद्धीच्या जोरावर लंडनच्या विद्वान मंडळींत त्यांना मान मिळाला होता. १७७७ सालीं त्यांचें पर्सी नांवाचें शोकनाटक प्रसिद्ध नट गॅरिक याच्या साह्यानें रंगभूमीवर येऊन फार गाजलें होतें. गॅरिक १७७९ सालीं वारल्यावर त्यांचें मन नाटकांपासून हळूहळू निघालें व धर्मकार्याकडे वळलें.

येथें मराठींत लिहिणाऱ्याला एक अडचण येते, ती सांगून टाकतों. इंग्रजींत विदुषीला व मोलकरणीला सर्वनाम एकच. आपल्याकडे तसें नाहीं, आणि मोरबाईंना अहोजाहो व गवळणीला अगतुगं असें लिहिणें अगदीं सहज होऊन जातें. बालपणाची गोष्ट संपली. यापुढें आम्ही दोघींनाही सारख्याच मानानें संबोधणार आहों.

मोरबाईंनीं जें केलें तें थोडें नव्हे. त्यांनीं यर्स्लीबाईंच्या कविता स्वतः बसून उतरविल्या, व्याकरण व शब्दलेखन सुधारलें, आणि वर्गणीदार मिळवावे म्हणून ओळखीच्या प्रत्येक मोठ्या घराला पत्र धाडलें. या एका कामापायीं आपण हजाराहून अधिक पानें लिहिलीं, असें त्या स्वतः सांगतात, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. लंडनच्या मॉन्टेग्यू नांवाच्या एका श्रीमंत व विद्वान बाईंना त्यांनीं आपल्या साह्याला घेतलें. एक हजारांवर वर्गणीदार झाले. त्यांत सरदारांच्या बायका होत्या, बिशप होते, चित्रकार रेनल्ड्स होता. १७८५ च्या जून महिन्यांत पुस्तक निघालें. मुखपृष्ठावर कर्त्रीची ओळख ब्रिस्टलची गवळीण अशी दिली होती. एका वर्षापूर्वीं जिचीं मुलें तबेल्यांत थंडीनें काकडत होतीं, तिचें नांव लंडनच्या दिवाणखान्यांत ऐकूं येऊं लागलें.

पुस्तकाच्या आरंभीं मोरबाईंनीं एक पत्र छापलें होतें. त्यांत यर्स्लीबाईंच्या बुद्धीची स्तुति आहे, त्यांच्या दारिद्र्याचें वर्णन आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे. या बाईला सुखवस्तु करून कवितेच्या नादीं लावावें असा आमचा हेतु नाहीं. पत्नीचीं व आईचीं कर्तव्यें हींच तिचीं खरीं कामें. तिची गरज भागावी, परंतु तिची पायरी सुटूं नये, असा त्याचा आशय. त्या काळीं चांगल्या माणसांचीही अशीच समजूत होती. देवानें ज्याला ज्या जागीं ठेविलें, त्यानें त्या जागीं राहावें. वरच्यांनीं दया करावी, खालच्यांनीं आभार मानावे. हा विचार आम्हां लोकांना नवीन नाहीं. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणें म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांनीं अंगावर सोसलें आहे. फक्त त्याला आपल्याकडे नांव दुसरें होतें.

आतां भांडणाकडे येऊं. पुस्तकाचे जे पैसे जमले, त्यांतून सुमारें साडेतीनशें पौंड मोरबाईंनीं सरकारी रोख्यांत घातले. त्याचें व्याज वर्षाकांठीं अठरा पौंडांच्या आसपास येई, म्हणजे नवऱ्याच्या जुन्या उत्पन्नाच्या तिप्पट. मुद्दलाचे विश्वस्त मोरबाई व मॉन्टेग्यूबाई या दोघीच. तसा दस्त करून त्यावर यर्स्ली नवरा-बायकोच्या सह्या घेण्यांत आल्या. सही करतांना आपणास नीट वाचूं व विचार करूं दिलें नाहीं, असें यर्स्लीबाईंचें म्हणणें. घरीं आल्यावर त्यांच्या मनानें घेतलें कीं, माझ्या कवितेचा पैसा, आणि त्यावर माझाच हात नाहीं. मी मेल्यें तर माझ्या मुलांना तो मिळेल याची खात्री कोणी द्यावी? त्यांनीं तीन गोष्टी मागितल्या. दस्ताची एक नक्कल मला द्या. विश्वस्तांत मलाही घ्या. आणि मुलें एकवीस वर्षांचीं झालीं म्हणजे त्यांचा त्यांचा वांटा त्यांना मिळेल असें लिहा.

यांतील कोणतीही मागणी गैर नव्हती, असें आज आपणांस वाटेल. मोरबाईंना ती कृतघ्नता वाटली. त्यांच्या बाजूनेंही एक सबळ कारण होतें, तें न सांगणें अन्यायाचें होईल. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यानें लग्न झालेल्या स्त्रीच्या हातीं आलेला पैसा नवऱ्याचा होई. तो नवऱ्यानें उडवावा किंवा सावकारानें नवऱ्याच्या कर्जापायीं न्यावा, बायकोला तोंड उघडतां येत नसे. हा कायदा १८७० व १८८२ सालीं पार्लमेंटानें बदलला, तोंवर असाच होता. त्यामुळें मुद्दल तिऱ्हाइतांच्या नांवें ठेवण्यांत शहाणपण होतें. परंतु मोरबाई तेवढ्यावरच थांबल्या नाहींत. आपल्या मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं तक्रार केली कीं ही बाई आतां जाळीच्या भारी टोप्या व सोन्याच्या टांचण्या घालूं लागली आहे. अशा बाईला आपल्या गरीब लेंकरांचा पैसा सांभाळावयास कसा द्यावा? टोपीवरून माणसाची पारख झाली! ही गोष्ट ब्रिस्टलभर पसरली. यर्स्लीबाईंचें काळीज सर्वांत जास्त दुखावलें तें याच शब्दानें, कीं स्वतःच्या मुलांचें हित पाहण्यास आई नालायक ठरली. आपलीं हस्तलिखितें आपणांस परत मिळालीं नाहींत, अशीही त्यांची तक्रार होती.

गवळणीनें गप्प बसावें असें सर्वांना वाटत होतें. त्या बसल्या नाहींत. पुस्तकाची चौथी आवृत्ति १७८६ सालीं निघाली, तींत त्यांनीं आपली बाजू सविस्तर छापली: कधीं काय बोलणें झालें, काय मागितलें, काय उत्तर मिळालें. मोरबाईंनीं जाहीर उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं व मॉन्टेग्यूबाईंनीं विश्वस्तपण सोडलें, आणि शेवटीं पैसा यर्स्लीबाईंच्या हातीं आला. त्या दोघींचें बोलणेंचालणें मात्र कायमचें तुटलें. मोठ्या घरांपैकीं पुष्कळ दारें यर्स्लीबाईंना बंद झालीं. आमच्या मतें मोरबाईंनीं दस्ताची नक्कल मागतांच दिली असती, तर पुढचें पुष्कळसें टळलें असतें. एक कागद! पण ज्याच्यावर आपण उपकार केला त्यानें आपणांकडे हिशेब मागावा, हें भल्याभल्यांना सोसत नाहीं. आणि यर्स्लीबाईंचा स्वभाव तापट होता, हेंही खरें. जखम झाली म्हणजे ती झांकून ठेवणें त्यांना कधीं जमलें नाहीं.

पुष्कळांचा तर्क होता कीं मोरबाईंचा आधार सुटतांच ही कविता आटेल, कारण खरें लेखन मोरबाईंचेंच असावें. तो खोटा ठरला. डेरीचा बिशप व ब्रिस्टलचा अर्ल फ्रेडरिक हार्वी यानें त्यांना पन्नास पौंड दिले, आणि १७८७ सालीं दुसरें पुस्तक निघालें. तें कोणीं सुधारलेलें नव्हतें.

१७८८ सालीं त्यांनीं जें केलें त्याला धैर्य लागलें. ब्रिस्टल शहराची श्रीमंती कशावर उभी होती? तेथून जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, माणसें भरीत, तीं वेस्ट इंडीज बेटांत व अमेरिकेंत विकीत, आणि साखर व तंबाखू घेऊन परत येत. क्लिफ्टनवरील ज्या बंगल्यांत त्यांनीं रतीब घातले, त्यांतील कित्येक त्याच पैशाचे होते. त्या शहरांत राहून, त्याच व्यापाऱ्यांच्या दयेवर पोट असतां, त्यांनीं गुलामांच्या व्यापाराच्या क्रूरतेवर एक दीर्घ काव्य छापून प्रसिद्ध केलें. त्यांत लूको नांवाचा एक तरुण आहे. आईबाप व वाग्दत्त वधू यांपासून तोडून त्याला विकतात, आणि मुकादमाच्या फटक्याला त्यानें हात उगारला म्हणून त्याला जिवंत जाळतात. यर्स्लीबाई व्यापाऱ्याला विचारतात तें एवढेंच, कीं तुझें लेंकरूं असें विकलें गेलें तर? चमत्कार असा कीं त्याच सालीं मोरबाईंनींही गुलामगिरीविरुद्ध काव्य प्रसिद्ध केलें. एका शहरांतील दोन बायका एकमेकींचें तोंड पाहात नव्हत्या आणि एकाच अन्यायाविरुद्ध लिहीत होत्या. पुढच्या वर्षीं विल्बरफोर्स साहेबांनीं पार्लमेंटांत हा प्रश्न मांडला. व्यापार बंद झाला तो १८०७ सालीं. तो दिवस यर्स्लीबाईंना दिसला नाहीं.

नाटक हा शब्द आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांना रुचत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी या बाईंच्या सर्व लेखनांत आम्हांस त्यांचें नाटकच अधिक विचार करावयास लावतें. अर्ल गॉडविन हें त्याचें नांव. काळ इ. स. १०५० च्या सुमाराचा, एडवर्ड राजाच्या कारकीर्दीचा. गॉडविन हा वेसेक्स प्रांताचा अर्ल, राजाचा सासरा. इतिहासांत त्याची कीर्ति वाईट आहे. राजाचा भाऊ आल्फ्रेड याचे डोळे काढून त्याला मारविलें, त्यांत गॉडविनचा हात होता असा आरोप. आणि मी निर्दोष आहें असें म्हणून त्यानें भाकरीचा घांस तोंडांत घातला तो घशांत अडकून तो मेला, अशी दंतकथा. या दंतकथा लिहून ठेवणारे बहुतेक मठवासी होते. दुसरीही एक गोष्ट इतिहासांत आहे: १०५१ सालीं डोव्हर गांवच्या लोकांचा राजाच्या एका परदेशी पाहुण्याशीं दंगा झाला, तेव्हां राजानें गॉडविनला त्या गांवास शिक्षा करण्याचा हुकूम दिला. चौकशीवांचून आपल्या प्रजेला मी दंड करणार नाहीं म्हणून त्यानें तो मोडला आणि देशोधडीला गेला. वर्षभरानें परत आला तेव्हां लोकांनीं त्याला उचलून धरलें.

यर्स्लीबाईंनीं हा गॉडविन निवडला. त्यांनीं त्याला खुनी न दाखवितां प्रजेचा कैवारी, खोट्या आरोपाखालीं दबलेला मनुष्य असा दाखविला. आणि राजाचे कान फुंकणारे, धर्माचें नांव पुढें करून सत्ता गाजविणारे मोठे धर्माधिकारी त्याच्यासमोर उभे केले. राजाची आई एम्मा हीही नाटकांत आहे. त्या राणीची सारी मालमत्ता तिच्याच मुलानें १०४३ सालीं काढून घेतली होती. ज्या बाईवर शहरांत नाना आरोप झाले होते आणि जिचा पैसा दुसऱ्याच्या हातीं अडकला होता, तिला ह्या दोन व्यक्ति कशा दिसल्या असतील, हें आम्ही वेगळें सांगत नाहीं. नाटक पांच अंकांचें, यमक नसलेल्या वृत्तांत लिहिलेलें आहे. शेक्सपिअरचीं जीं थोडीं नाटकें आईनें मागून आणलीं होतीं, त्यांचाच तो धडा. त्यांनीं दुसरा गुरु केला नव्हता.

नाटक लिहिणें एक आणि तें रंगभूमीवर आणणें दुसरें. १७३७ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक नवें नाटक दरबारच्या अधिकाऱ्यानें वाचून परवाना दिल्यावांचून करतां येत नसे. परवाना मिळाला. ब्रिस्टलच्या किंग स्ट्रीटवरील थिएटर रॉयल आणि जवळच्या बाथ शहरचें नाट्यगृह हीं दोन्ही एकाच मंडळीच्या हातीं होतीं. विख्यात नटी सॅरा सिडन्स कांहीं वर्षांपूर्वीं याच मंडळींतून लंडनला गेली होती. १७८९ च्या नोव्हेंबरांत अर्ल गॉडविन ब्रिस्टलला झालें, आणि बाथलाही झालें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत पॅरिस शहरांत लोकांनीं बॅस्टिलचा तुरुंग फोडला होता, आणि राजानें प्रजेचें ऐकावें कीं नाहीं हा प्रश्न इंग्लंडांतही प्रत्येकाच्या ओठीं होता. अशा वेळीं एका गवळणीच्या लेखणींतून राजाला चार खडे बोल सुनावणारा सरदार ब्रिस्टलच्या लोकांपुढें उभा राहिला. लंडनच्या रंगभूमीवर हें नाटक गेलें नाहीं. १७९१ सालीं तें लंडनच्या रॉबिन्सन मंडळीनें छापलें. तें नाट्यगृह आजही उभें असून त्यांत नाटकें होतात.

आपल्या नांवाचा गाजावाजा झाला तरी क्लिफ्टनवर त्या गवळीणच राहिल्या, हें एका दुःखद गोष्टीनें दिसतें. लेव्ही ईम्स नांवाचा एक धनाढ्य गृहस्थ ब्रिस्टलचा नगराध्यक्ष होऊन गेला होता. यर्स्लीबाईंचीं मुलें त्याच्या शेतांत खेळतांना सांपडलीं म्हणून त्याच्या चाकरानें त्यांना चाबकानें मारलें. दाद मागावी तर कोर्टाचा खर्च कोण सोसणार? या प्रकरणाच्या धसक्यानें त्यांचा गर्भ गेला. १७९० सालीं त्यांनीं त्या गृहस्थाचें नांव घेऊन शोककविता छापली. वकिलाला द्यावयास पैसे नव्हते; छापखाना मात्र त्यांनीं ओळखला होता.

१७९३ सालीं, ज्या वर्षीं केरी साहेब हिंदुस्थानास येण्याकरितां निघाले, त्याच वर्षीं यर्स्लीबाईंनीं हॉटवेल्स येथें एक वाचनालय उघडलें. हॉटवेल्स म्हणजे क्लिफ्टनच्या टेकडीखालचे औषधी पाण्याचे झरे. श्रीमंत रोगी तेथें हवापाण्यासाठीं येत आणि दिवस जावा म्हणून वर्गणी भरून पुस्तकें वाचावयास नेत. जिची आई एकेक पुस्तक मागून आणीत होती, तिच्या घरीं आतां कपाटें भरून पुस्तकें होतीं. त्याच वर्षीं ३० सप्टेंबरला ब्रिस्टलच्या पुलावरील जकातीविरुद्ध जमलेल्या लोकांवर शिपायांनीं गोळ्या झाडल्या. ११ माणसें ठार व ४५ जखमी झालीं. शहरच्या अधिकाऱ्यांनीं हें प्रकरण लवकर विसरलें जावें असें पाहिलें. यर्स्लीबाईंनीं त्या मेलेल्यांवर विलापगीत लिहिलें, आणि तें आपल्या शेवटच्या काव्यसंग्रहांत १७९६ सालीं छापलें. मधल्या काळांत, १७९५ सालीं, फ्रान्सच्या एका मुखवटा घातलेल्या राजकैद्याच्या आख्यायिकेवर त्यांनीं चार भागांची कादंबरी लिहिली. तिच्याबद्दल रॉबिन्सन मंडळीनें त्यांना दोनशें पौंड दिले. या वेळीं विश्वस्त नव्हते, प्रस्तावनेंत दयेची याचना नव्हती. कामाचे दाम मिळाले.

यानंतर फारसें सांगण्यासारखें नाहीं. झऱ्यांची कीर्ति ओसरली आणि वाचनालयाची मिळकतही. ज्या मुलाला मोठ्या आशेनें खोदकामाच्या चित्रकलेंत उमेदवारीला घातलें होतें, तो आईच्या आधीं गेला. १८०३ सालीं नवरा वारला. यर्स्लीबाई विल्टशर प्रांतांतील मेल्कशम या गांवीं जाऊन एकांतांत राहिल्या आणि १८०६ च्या मे महिन्यांत तेथें त्यांना मरण आलें. वय त्रेपन्नाच्या आंतबाहेर होतें.

मोरबाई पुढें पुष्कळ वर्षें जगल्या. १७८९ सालीं, म्हणजे गॉडविन नाटक झालें त्याच वर्षीं, चेडर गांवीं त्यांनीं बहिणीसह रविवारची शाळा काढली, आणि तशा शाळा भोवतालच्या खेड्यांत वाढविल्या. शेतकऱ्यांचा व जमीनदारांचा विरोध सोसून त्यांनीं हजारों मुलांना शास्त्र वाचावयास शिकविलें. त्यांचें हें ऋण कोणी नाकारूं नये. परंतु त्या शाळांत वाचावयास शिकवीत, लिहावयास शिकवीत नसत; गरिबांना लिहिणें कशाला, असें मोरबाईंचें मत होतें. क्लिफ्टनच्या विल्यम क्रोमार्टीनें बहिणीच्या बाबतींत तें मत पाळलें असतें तर हा लेख लिहावा लागला नसता. मोरबाई १८३३ सालीं, अठ्ठ्याऐंशीं वर्षांच्या होऊन वारल्या. सुमारें तीस हजार पौंडांची मालमत्ता त्यांनीं बहुतेक धर्मादायास ठेविली. त्याच्या दोन वर्षें आधीं कवि सदे यानें शाळेवांचून कवि झालेल्या लोकांवर एक निबंध छापला होता. त्यांत यर्स्लीबाईंचें नांव आहे आणि ती भांडणाची गोष्टही आहे.

यर्स्लीबाईंचें शव मेल्कशमहून क्लिफ्टनला आणून सेंट ॲन्ड्रूजच्या देवळाच्या आवारांत पुरण्यांत आलें. तें देऊळ पुढें पाडून त्याच जागीं नवें बांधलें गेलें, आणि तेंही १९४० सालच्या नोव्हेंबरांत जर्मन विमानांच्या बाँबनीं उद्ध्वस्त झालें. देऊळ आतां नाहीं. थडगीं मात्र तशींच आहेत. त्यांच्यामधून, दोहों बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेली एक पाऊलवाट जाते, आणि टेकडीवरचे लोक आजही तिच्यावरून येजा करतात.